लोकेशनवर आवाज रेकॉर्ड करताना: सामान काय घ्यावं, बिघाड कसा शोधावा

नव्याने लोकेशन साउंड करू लागलेल्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा "कोणता माइक घेऊ?" हाच असतो. त्याआधी विचारायला हवं ते हे, की तो माइक बोलणाऱ्याच्या तोंडापासून किती लांब असणार आहे. अंतर दुप्पट झालं की तोंडातून थेट येणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो. खोलीचा घुमारा आणि पंख्याची घरघर मात्र जवळजवळ तेवढीच राहते. माइक दोन मीटरवरून ५० सेंटिमीटरवर आणला की बोलणं १२ डेसिबलने वर येतं. एवढा फरक माइक बदलून सहसा मिळत नाही, आणि एडिटमध्ये तर नाहीच नाही.

म्हणून पैसे खर्च करायचा क्रम असा ठेवा: आधी माइक जवळ नेणाऱ्या गोष्टी, म्हणजे बूम (माइक धरायची लांब दांडी), शॉकमाउंट (माइकला हादरे न लागू देणारी पकड), चांगली केबल आणि वाऱ्याचं कव्हर; त्यासोबत कान झाकणारे बंद हेडफोन; मग माइक; आणि रेकॉर्डर सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलट करतात, आणि मग महागड्या रेकॉर्डरवर खोलीचा घुमारा फार सुंदर रेकॉर्ड होतो.

आधी जागा ऐका

कॅमेरा आणि लाइट लागायच्या आधी पोहोचा. माइक लावा, गेन (रेकॉर्डर माइकचा आवाज किती वाढवतो ते) नेहमी बोलण्यासाठी ठेवता त्यापेक्षा १० ते १५ डेसिबल वाढवा आणि हेडफोन लावून दोन मिनिटं गप्प उभे राहा. नुसत्या कानाला सवयीने ऐकू न येणारे आवाज इथे सापडतात: फ्रिजचा कॉम्प्रेसर, एसीची हवा, ट्यूबलाइटचा चोक, शेजारच्या खोलीतला यूपीएस, भिंतीतली पाण्याची पाइप.

जे बंद करता येईल ते बंद करा, पण घरमालकाला विचारून. फ्रिज बंद केला तर गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवून द्या. या धंद्यातली ही जुनी युक्ती आहे: फ्रिज पुन्हा चालू केल्याशिवाय कोणी घरी जाऊ शकत नाही. एसी टेकपुरता बंद करायचा असेल तर दिग्दर्शकाशी आधीच बोलून ठेवा. गरम झालेल्या खोलीत ऐनवेळी हा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं.

मग खोलीच्या मधोमध एक टाळी वाजवा. मागे 'टर्रर्र' असा थरथरता आवाज आला तर दोन समोरासमोरच्या उघड्या भिंतींमध्ये तो आपटतोय. फ्रेमच्या बाहेर, त्यातल्या एका भिंतीवर जाड गोधडी किंवा ब्लँकेट टांगा. भिंतीपासून १०-१५ सेंटिमीटर पुढे टांगलं तर ते जास्त शोषतं. फरशीवर, बोलणाऱ्याच्या समोर, एक ब्लँकेट पसरा. पातळ पडद्याने काही होत नाही, आणि अंड्यांच्या ट्रेनेही नाही.

बूमवर कोणता माइक

शॉटगन माइकच्या पुढे भोकं असलेली नळी असते. बाजूने आलेला आवाज या भोकांतून वेगवेगळ्या वेळी आत शिरतो आणि स्वतःलाच खोडतो. पण हे फक्त वरच्या फ्रिक्वेन्सींना लागू आहे. घरघर, गडगड असल्या खालच्या आवाजांवर नळीचा उपयोग जवळजवळ शून्य. शिवाय छोट्या खोलीत बोलणाऱ्याचाच आवाज छतावर आणि भिंतींवर आपटून बाजूने नळीत शिरतो आणि अर्धवट खोडला जातो. बोलणं डब्यातून आल्यासारखं लागतं ते यामुळे. छत खाली असेल तर बूम वरून धरताना माइकचं मागचं टोक छताच्या अगदी जवळ जातं, तेव्हा हे जास्तच जाणवतं.

त्यामुळे बाहेर आणि मोठ्या हॉलमध्ये शॉटगन, छोट्या खोलीत नळी नसलेला सुपरकार्डिऑइड किंवा हायपरकार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचाच आवाज घेणारा माइक. सेनहायझर एमकेएच ४१६ हा शॉटगनचा सगळ्यांच्या ओळखीचा नमुना, तर त्याच घराण्यातला एमकेएच ५० किंवा शेप्सचं एमके ४१ कॅप्सूल आतल्या कामासाठी वापरतात. ही सगळी महागडी नावं आहेत. ऑक्टाव्हा एमके-०१२ वर हायपर कॅप्सूल लावून किंवा ऑडिओ-टेक्निका एटी४०५३बी घेऊन आतलं काम नीट होतं. एकच माइक परवडत असेल आणि काम बहुतेक मुलाखतींचं, घराच्या आतलं असेल, तर आमचं मत साफ आहे: शॉटगन घेऊ नका.

तांत्रिक तक्त्यात दोन आकडे बघा. सेल्फ-नॉइज, म्हणजे माइकची स्वतःची सूं, १६ डीबीए किंवा त्याखाली असावा. ४१६ चा १३ आहे. दुसरा, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच आवाजाला माइक किती सिग्नल देतो ते. ४१६ ची २५ मिलिव्होल्ट प्रति पास्कल आहे, तर स्टेजवरच्या शुअर एसएम५८ ची साधारण १.८५. म्हणजे त्याच अंतरावर एसएम५८ ला सुमारे २२ डेसिबल जास्त गेन द्यावा लागतो, आणि स्वस्त रेकॉर्डरचा प्रीअँप (माइकचा सिग्नल वाढवणारा भाग) तेवढ्या गेनवर सूं करायला लागतो. हातात धरून बोलायला तो माइक उत्तम, बूमवर निरुपयोगी.

दमट हवेत काम असेल तर आणखी एक मुद्दा. एमकेएच मालिकेतले माइक आरएफ कंडेन्सर पद्धतीचे आहेत, ते ओलाव्याला सहसा दाद देत नाहीत. साध्या कंडेन्सरमध्ये ओल शिरली की चटचट सुरू होते.

कॉलर माइक लपवताना

कॉलर माइक बहुतेक ओम्नी, म्हणजे सगळ्या बाजूंनी सारखंच ऐकणारे, असतात, त्यामुळे त्यांचं तोंड वर आहे की खाली याने फारसा फरक पडत नाही. उलटा लावला तर श्वासाचे फटके कमी लागतात. जागा: छातीच्या मधल्या हाडावर, हनुवटीपासून एक वीतभर खाली. अगदी गळ्याशी नको, तिथे हनुवटीच्या सावलीत आवाज बसका येतो.

शर्टाच्या आत लावायचा असेल तर:

१. मेडिकल टेपच्या सुमारे १५ सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या घ्या. प्रत्येकीची चिकट बाजू बाहेर ठेवून तिरक्या घड्या घालत छोटा त्रिकोण करा.
२. दोन त्रिकोणांच्या मध्ये माइक ठेवा. माइकचं तोंड टेपच्या कडेबाहेर जेमतेम डोकावू द्या, झाकू नका.
३. एक बाजू त्वचेला किंवा आतल्या बनियनला, दुसरी शर्टाला चिकटवा. आता माइक आणि कापड एकत्र हलतात, एकमेकांवर घासत नाहीत. सगळी करामत एवढीच आहे.
४. माइकच्या खाली केबलचा एक सैल वेटोळा करा आणि वेटोळ्याच्या खाली टेप लावा. केबलला बसलेला झटका तिथेच जिरतो.
५. माणसाला बसायला, वाकायला, हात वर करायला लावा आणि त्या वेळी हेडफोनवर ऐका. नुसतं "हॅलो हॅलो" ऐकून समाधान मानू नका.

तरीही खरखर आली तर ती कुठली ते ओळखा. माणूस हलल्यावरच येणारी कोरडी, वरच्या सुराची खरखर कापडाची; धपधप आली तर केबल ओढली जातेय; श्वासागणिक येणारी घासर दाढी, दागिना किंवा मंगळसूत्र लागत असल्याची. नायलॉन, कडक इस्त्रीचं सुती आणि रेशीम हे तिन्ही कापडं त्रासदायक. कपडेपटाला हे आदल्या दिवशी सांगता आलं तर निम्मं काम झालं. माइक लावताना काय आणि कुठे लावणार ते त्या व्यक्तीला आधी सांगा आणि परवानगी घ्या.

वायरलेस

स्वस्त, डबीसारखे वायरलेस सेट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. तिथेच वायफाय आणि ब्लूटूथही असतं, आणि माणसाचं शरीर ही फ्रिक्वेन्सी चांगलीच अडवतं. डब्यावर छापलेलं अंतर मोकळ्या मैदानातलं, समोरासमोरचं असतं. ट्रान्समीटर मागच्या खिशात आणि कॅमेरा समोर अशी स्थिती असेल तर थोड्याच अंतरावर आवाज तुटू शकतो. ट्रान्समीटर शरीराच्या रिसीव्हरकडच्या बाजूला आणा, आधी एवढंच करून बघा.

यूएचएफ (काही शे मेगाहर्ट्झवर चालणारे) सेट गर्दीत जास्त भरवशाचे, पण कोणती फ्रिक्वेन्सी वापरायला परवानगी आहे हे प्रत्येक देशात वेगळं असतं. सेट घेण्यापूर्वी तेवढं तपासा. ६०० मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी १२.५ सेंटिमीटर भरते, म्हणून लोंबणारी अँटेना साधारण तेवढ्याच लांबीची असते. ती दुमडून कमरेच्या पट्ट्यात खोचली की रेंज गेली.

फ्रिक्वेन्सी निवडताना क्रम महत्त्वाचा. तुमचे सगळे ट्रान्समीटर बंद करा, सेटवरचे व्हिडिओ ट्रान्समीटर आणि वॉकी-टॉकी चालू ठेवा, मग स्कॅन करा. त्यानंतर आपले ट्रान्समीटर एकेक करून चालू करा. तीन-चार सेट असतील तर समान अंतराच्या फ्रिक्वेन्सी ठेवू नका: ६०० आणि ६०१ एकत्र चालू असले की ५९९ आणि ६०२ वर त्यांची भुतं, म्हणजे खोटे सिग्नल, उठतात, आणि तुमचा तिसरा सेट नेमका ६०२ वर असतो. रिसीव्हरमधला स्कॅन सहसा जुळणाऱ्या फ्रिक्वेन्सींचे तयार गट देतो, त्यातलाच एक गट घ्या.

रेकॉर्डर आणि लेव्हल

व्हिडिओसाठी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एका चॅनेलला तासाला सुमारे ५१८ मेगाबाइट लागतात, ३२ बिट फ्लोटला ६९१. दोन चॅनेलचं काम असेल तर झूम एफ३, जास्त चॅनेल हवे असतील तर झूम एफ६ किंवा साउंड डिव्हायसेसची मिक्सप्री मालिका. मिक्सप्रीवरच्या नॉबवर बोटाने गेन हलवता येतो. एफ३ वर गेनचा नॉबच नाही, तो ३२ बिट फ्लोटवर विसंबून आहे.

३२ बिट फ्लोटबद्दल गैरसमज फार. रेकॉर्डरच्या आत आवाज फाटत नाही हे खरं. पण माइकचं कॅप्सूलच ओव्हरलोड झालं, किंवा वायरलेस ट्रान्समीटरमध्येच आवाज फाटला, तर रेकॉर्डरकडे फाटलेलाच आवाज येतो आणि तो इमानदारीत साठवला जातो. तो वाचवायचा तर ट्रान्समीटरची सेन्सिटिव्हिटी कमी करावी लागते. आणि लांब ठेवलेला माइक ३२ बिटमुळे जवळ येत नाही.

२४ बिटवर लेव्हल लावताना कलाकाराला सीनमधलं सगळ्यात मोठ्या आवाजाचं वाक्य म्हणायला सांगा. शिखरं उणे १२ डीबीएफएसच्या (डिजिटल मीटर, त्यात शून्य म्हणजे कमाल) आसपास आणि सरासरी बोलणं उणे २० च्या जवळ ठेवा. खऱ्या टेकमध्ये माणूस तालमीपेक्षा जोरात बोलतो, म्हणून वरची मोकळी जागा. लो-कट (खालच्या फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर) ८० हर्ट्झवर ठेवला तर बोलण्याचं काही बिघडत नाही.

बिघाड शोधताना

बोलणारा, माइक, केबल, रेकॉर्डरचं इनपुट, गेन, राउटिंग (कोणता आवाज कुठे जातो ती मांडणी), हेडफोन: ही साखळी आहे. गोंधळात लोक एकाच वेळी केबल बदलतात, बॅटरी काढतात आणि मेन्यूतही जातात. आवाज परत येतो, पण दोष कशात होता ते कळत नाही, आणि तीच केबल दुसऱ्या दिवशी पुन्हा पिशवीतून निघते. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि मधूनच सुरुवात करा. रेकॉर्डरचा मीटर हलतोय का? हलत असेल आणि ऐकू येत नसेल तर दोष पुढे, हेडफोन किंवा राउटिंगमध्ये. मीटरच मेला असेल तर मागे, माइक, केबल किंवा फँटममध्ये (रेकॉर्डर केबलमधून माइकला पुरवतो ती वीज). एका नजरेत अर्धी साखळी बाद झाली.

*मीटर मेलेला.* फँटम चालू आहे का बघा. मग त्याच इनपुटला दुसरी केबल, मग दुसरा माइक. पाच-सहा अदलाबदलींच्या वर वेळ लागू नये. मल्टिमीटर जवळ असेल तर फँटम चालू ठेवून एक्सएलआर (तीन पिनांच्या) केबलच्या माइककडच्या टोकाला मोजा: पिन १ आणि २ मध्ये, तसंच १ आणि ३ मध्ये, ४४ ते ५२ व्होल्ट यायला हवेत, आणि २ व ३ मध्ये जवळजवळ शून्य. एका पिनवर व्होल्टेज नसेल तर त्या पिनची तार तुटली आहे किंवा टाका सुटलाय. केबल दोन्हीकडून सोडवून तपासायची असेल तर १-१, २-२, ३-३ जोडलेले हवेत आणि १, २, ३ आपसात कुठेही नकोत.

*हम.* मुख्य विजेचा हम, म्हणजे सलग घूं असा आवाज, ५० किंवा ६० हर्ट्झचा, आणि त्याच्या पटीत वर १००, १५० असा चढत जातो. त्यामुळे ८० चा लो-कट लावून तो पूर्ण जात नाही. मूळच शोधावं लागतं. रेकॉर्डर चार्जरवरून काढून बॅटरीवर घ्या. हम गेला तर ग्राउंड लूप होता: रेकॉर्डर, लॅपटॉप आणि कॅमेरा वेगवेगळ्या प्लगांतून वीज घेत एकमेकांना केबलने जोडलेले असतात तेव्हा हे होतं. गेला नाही तर माइकची केबल विजेच्या केबलला समांतर पडलीय का बघा. फूटभर बाजूला घ्या, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. तरीही राहिला तर केबलचा पिन १ (ग्राउंडचा) तपासा. हमऐवजी तिखट, करवतीसारखी 'झिंऽऽ' असेल आणि लाइटचा डिमर फिरवल्यावर बदलत असेल तर गुन्हेगार डिमर. तो पूर्ण वर करा आणि उजेड दुसऱ्या मार्गाने कमी करा.

मोबाइलची 'टिटिक्-टिटिक्-टर्रर्र' ओळखू येतेच. ती जुन्या जीएसएम नेटवर्कच्या २१७ हर्ट्झच्या ठोक्यांची. फोन फ्लाइट मोडवर टाका, सायलेंटने काही होत नाही.

*चटचट आणि कडकड.* गेन खाली ठेवून केबल कनेक्टरपासून चार बोटांवर धरा आणि हळू हलवा. दोन्ही टोकांशी करा. हलवल्यावरच आवाज आला तर केबल. तिला लगेच रंगीत टेप बांधा आणि वेगळ्या पिशवीत टाका. कोणी हात लावलेला नसताना आपोआप चटचट होत असेल, विशेषतः गार एसी खोलीतून दमट बाहेर आल्यावर, तर माइकमध्ये ओल धरली आहे. माइक बंद पेटीतच ठेवून बाहेरच्या हवेत २०-३० मिनिटं तसाच राहू द्या, तापमान जुळू द्या, मग उघडा. फुंकर मारू नका, त्यात ओलावाच असतो. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या कायम असाव्यात, आणि त्या अधूनमधून सुकवाव्यात; ओल पिऊन भरलेली पुडी नुसतंच ओझं.

*गेन शून्यावर, तरी फाटतोय.* मिक्सरचं लाइन आउटपुट माइक इनपुटमध्ये गेलंय. लाइन लेव्हल +४ डीबीयू म्हणजे १.२३ व्होल्ट; माइकचं काम मिलिव्होल्टमध्ये चालतं. रेकॉर्डरचं इनपुट मेन्यूमधून लाइनवर करा आणि फँटम बंद करा. तशी सोयच नसेल तर मध्ये पॅड (लेव्हल खाली आणणारा जोड) लावा.

*हेडफोनवर ठीक, मोबाइलवर बोलणं गायब.* नवख्यांना सगळ्यात जास्त चकवणारा दोष हाच. बॅलन्स्ड एक्सएलआर माइक साध्या अडॅप्टरने कॅमेऱ्याच्या ३.५ मिमी स्टिरिओ इनपुटमध्ये लावला की पिन २ डाव्या चॅनेलला आणि पिन ३ उजव्या चॅनेलला जातो. दोन्ही बाजूंना तोच आवाज, पण उलट्या दिशेने. हेडफोनवर तो फक्त विचित्र पसरट वाटतो. मोबाइलचा एकुलता स्पीकर दोन्हींची बेरीज करतो आणि उत्तर शून्य. शूटवर ही तपासणी अर्ध्या मिनिटाची: रेकॉर्ड केलेला तुकडा मोनो करून ऐका. रेकॉर्ड झालेलं असेल तर एक चॅनेल टाकून द्या, दुसरा मधोमध आणा. काहीही वाया गेलेलं नाही. त्याच घराण्यातला दुसरा चकवा: तीन पट्ट्यांचा टीआरएस माइक चार पट्ट्यांच्या टीआरआरएस मोबाइल जॅकमध्ये चालत नाही, फोन आपल्याच आतल्या माइकवर रेकॉर्ड करत राहतो. माइकवर नखाने टकटक करा. आवाज आला नाही तर अडॅप्टर लागणार.

*पोकळ, नळीतून आल्यासारखं.* एकच आवाज दोन माइकांत, थोड्या वेळाच्या फरकाने शिरतोय आणि दोन्ही एकत्र मिसळले जातायत. हवेत आवाजाला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, आणि त्यात डिजिटल वायरलेस आपला उशीर घालतं. प्रत्येक माइक वेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. मिक्समध्ये एका क्षणी एका माणसासाठी एकच माइक उघडा ठेवा.

*वारा.* स्पंज फक्त खोलीतल्या हालचालीला आणि पंख्याच्या झुळुकीला पुरतो. बाहेर झेपेलिन (माइकभोवतीचा जाळीदार पिंजरा) आणि त्यावर केसाळ कव्हर. कव्हर पावसात भिजून केस चिकटले की निकामी, झटकून विंचरून घ्या. वाऱ्याने माइक फाटत असेल तर एडिटमधला फिल्टर उशीरा पोहोचतो. लो-कट रेकॉर्डरवर, आत येतानाच लावा.

*सिंक सरकतोय.* सुरुवातीला जुळलेलं आणि शेवटी सुटलेलं असेल तर दोन घड्याळं वेगळी पळतायत. २० पीपीएमचा (दहा लाखांत २०) फरक म्हणजे तासाला ७२ मिलिसेकंद, २५ फ्रेमच्या व्हिडिओत जवळजवळ दोन फ्रेम. लांब कार्यक्रमात मधे मधे टाळी द्या किंवा टाइमकोड डब्या (सगळ्या यंत्रांना एकच वेळ देणाऱ्या) लावा, आणि सगळ्यांचा फ्रेमरेट एकच आहे हे आधी बघा. आवाज सरळ चिरका आणि वेगवान झाला असेल, सुमारे दीड सेमीटोनने वर, तर ४४.१ ची फाइल ४८ समजून वाजवली जातेय.

दिवस संपताना

प्रत्येक जागा सोडण्याआधी, सगळे जागेवर गप्प असताना, लाइट होते तसेच चालू ठेवून ६० सेकंद रूम टोन (खोलीचा स्वतःचा आवाज) घ्या. सामान आवरायला लागल्यावर घेतलेला रूम टोन जुळत नाही, कारण खोलीतली माणसंही आवाज शोषत असतात.

कार्ड दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर उतरवा, कॉपी झालेल्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार मूळ कार्डाशी ताडून बघा, प्रत्येक फोल्डरमधली एखादी फाइल मधूनच वाजवा. फॉरमॅट दुसऱ्या दिवशी, आणि तो कॉम्प्युटरवर न करता रेकॉर्डरमध्येच करा. केबल कोपरावर गुंडाळू नका. एक वेटोळा सरळ, एक उलटा असं घातलं की पीळ बसत नाही आणि पुढच्या वेळी एका झटक्यात सरळ उलगडते.